बाणाचं टोक

शटडाउनच्या तिसऱ्या रात्री,
जुबैलच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटमध्ये,
टॉर्चच्या उजेडात एक पितळी बिल्ला दिसला
व्हॉल्व्हच्या गळ्यात तारेनं बांधलेला,
आणि मी शिडीवरच थांबलो.

सातावर आडवी काट.
आणि तो आर, शेपूट बाहेर टाकलेला,
एसटीत पाय पसरून बसलेल्या माणसासारखा.

असा आर मी एकाच्याच हातचा पाहिलाय.

दस्तगीर मुलाणी. कराड. हॉस्टेल, खोली एकवीस.
अब्बा विट्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे,
त्यामुळे ह्याला अक्षर शिकावं लागलं नाही,
ते घरात होतंच, टर्पेंटाइनच्या वासासारखं.
ड्रॉइंगच्या सरांनी एकदाच सांगितलेलं :
बाणाच्या टोकाची लांबी रुंदीच्या तिप्पट.
आम्ही साठ जणांनी लिहून घेतलं.
त्यानं ऐकलं.

मी त्याच्या शीटा मारायचो.
दोन खुर्च्या, वर खिडकीची काच,
खाली टेबल लँप, आणि रात्रभर त्याच्या रेघांवरून माझी पेन्सिल.
पकडले गेलो तेव्हा सरांनी दोन्ही शीटा उचलून विचारलं,
ओरिजिनल कुणाची?
मी बूट बघत होतो.
तो म्हणाला, ह्याची. मी मारली.
अकरा शीटा त्यानं परत काढल्या.
मी त्याला एक ऑम्लेट-पाव खाऊ घातला.
हिशेब तिथंच मिटला असं मी बावीस वर्षं धरून चाललो.

पुढे दोघंही इथेच आलो. मधे चौदा किलोमीटर.
ईदला तो मेसेज टाकायचा, दिवाळीला मी.
भेटू रे एकदा.
ह्या शुक्रवारी ड्युटी, पुढच्या शुक्रवारी धुळीचं वारं,
मग माझी सुट्टी, मग त्याची.
चौदा किलोमीटरला चार वर्षं पुरली नाहीत.

कॅम्पात झोपेतच गेला, म्हणाले.
रूममेटनं फजरला हलवलं तर पाय गार.
घरून तस्मियानं, थोरल्या मुलीनं, फोनवर होकार दिला,
आणि असरच्या नमाजानंतर माती.
मी भिंतीबाहेर, कुणाच्यातरी पिकअपला टेकून.
आत कधी जायचं, जायचं की नाही, कुणाला विचारावं कळेना.
एक पठाण ड्रायव्हर बाहेर आला,
त्यानं काही न विचारता मला पाण्याची बाटली दिली.
नंतर लांबून दाखवलं : ती ओळ, तिकडून सहावा.
सपाट वाळू, एक दगड.
दगडावर काही नाही. इथली रीत.

ज्यानं जे दिसेल त्याला नाव दिलं,
हॉस्टेलच्या बादल्यांनासुद्धा,
त्याच्या उशाला एक अक्षर नाही.
हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं.
शिडीवर जाणवलं.

सर, ओके? खालून रोहेलिओ ओरडला.
ओके, म्हणालो.
मग पुढचा बिल्ला, मग त्याच्या पुढचा.
ब्राइनच्या लाइनवर, डोझिंगच्या टाकीवर,
जिथं पोटावर सरपटत जावं लागतं तिथंही
तो आधी जाऊन आलेला.
पाइपांवर पाण्याची दिशा दाखवणारे बाण,
पांढऱ्या रंगात, हातानं काढलेले.
खिशातली पट्टी लावून पाहिली.
बेचाळीस. चौदा.
गंजलेल्या पाइपावर, पन्नास डिग्रीत,
कुणी मोजणार नसताना.

सकाळी ऑफिसात नकाशा पुढ्यात ठेवला.
सगळ्या दुरुस्त्या त्याच्याच, लाल पेनानं.
खाली दोन चौकटी रिकाम्या.
सुपरवायझर म्हणाला, दोन्हीत तुझंच नाव टाक, काम संपव.

‘काढणार’मध्ये मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं,
आर जमला नाही.
‘तपासणार’मध्ये माझं.

हा कोण? तो म्हणाला. इथं तर नाही आता.
ओरिजिनल त्याची, मी म्हणालो.
त्याला मराठी येत नाही.
चहा गार झाला होता, तो प्यायलो.